मूठ गसची, पिस्तूल माझं

५ जुलै, सकाळी ८
काल मेहुण्याकडे चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मेजवानी. गस पेलेग्रीनो, माझ्या बायकोचा, डोरीनचा, धाकटा भाऊ. कोंबडी करपलेली, उकडलेल्या बटाट्यांत मीठच मीठ. जेवणानंतर मी सगळ्यांना पिस्तूल कसं साफ करतात ते दाखवलं. माझं आणि गसचं पिस्तूल एकाच दुकानातलं, एकाच दिवशी घेतलेलं, अगदी जुळं. दोन्ही एकाच टेबलावर खोलली, पुसली आणि चाळीस सेकंदांत जोडली. तेही हातांकडे न बघता! डोरीनला फोटो काढायला लावला.

गस मध्येच म्हणाला, अरे वेंडेल, नंबर बघून जोड. अकरा वर्षं नेमबाजी क्लबचा सुरक्षा अधिकारी मी, आणि हा मला शिकवणार. यंदा निवडणुकीला माझ्याविरुद्ध उभा राहतोय म्हणे. राहू दे. आपटेल.

१२ जुलै, दुपारी २
घात!
पिस्तुलाला तेल देत होतो. वरच्या सरकत्या भागावरच्या नंबरात शेवटी ४१८. परवान्यावरही ४१८. आणि खालच्या मुठीच्या सांगाड्यावर? ९०७! ९०७ म्हणजे गस. भरदिवसा, चाळीस माणसांत, माझ्या पिस्तुलाची मूठ पळवली आणि स्वतःची लावून दिली. अक्षर वेडंवाकडं येतंय. रागाने. वयामुळे नव्हे.

दुपारी ४
संकल्प. रागवायचं नाही. गसला फोन करायचा नाही.

४ वाजून १० मिनिटं
गसला फोन केला. खो खो हसला. म्हणाला, अरे बाबा, जोडलीस तूच ना? आत्ता येतो, दोन मिनिटांत अदलाबदल करू, कॉफी पिऊ, विषय संपला. म्हणजे पुरावाच नष्ट! मी बजावलं, माझ्या फाटकात पाऊल टाकलंस तर याद राख.

१९ जुलै
कायदा वाचायला घेतला. दीड पान झालं. पुढे सगळं तेच असणार.

शेरीफच्या ऑफिसात फोन केला. परवान्यांच्या खिडकीवर कुणी मिस टॅबर आहे. ती म्हणाली, वरचे भाग लोक खुशाल बदलतात, त्यात गुन्हा नाही; कायद्याच्या लेखी खालचा सांगाडा म्हणजेच पिस्तूल, परवान्याला नंबर त्याचाच धरतात. वा! म्हणजे गसने नेमका तोच भाग लांबवला. पक्का आहे. मग बाईने विचारलं, तुमच्याकडे आत्ता खालचा नंबर कोणता आहे हो? मी फोन ठेवून दिला. नको तिथे चौकशा.

२७ जुलै
तक्रार तयार. चार पानं. एक प्रत शेरीफला, एक कोर्टाला, क्लबच्या चाळीस सभासदांना. त्यातलं सर्वांत जमलेलं वाक्य इथे उतरवून ठेवतो: ‘दुसऱ्याच्या नंबरचं पिस्तूल बाळगणाऱ्याची नकळत झाल्याची सबब मुळीच ऐकून घेऊ नये, अशा माणसाचा परवाना कायमचा रद्द करावा.’ तीनदा मोठ्याने वाचलं. कुत्रा उठून बसला.

सोबत पुरावा म्हणून तो फोटो. मागे गस स्पष्ट दिसतो, तोंडात बटाटा. दोन्ही पिस्तुलांवर हात फक्त माझे आहेत, पण त्याला इलाज नाही, पुढे मीच उभा होतो.

डोरीन म्हणाली, पाठवू नकोस, तोंडावर पडशील. शेवटी भावाचीच बाजू!

३ ऑगस्ट
सभासदांपैकी एकाचंही उत्तर नाही. सगळे हादरलेले दिसतात. डोरीन चार दिवस बोललेली नाही. घर शांत. लिखाणाला बरं.

१० ऑगस्ट, सकाळी ११
शेरीफचा माणूस आला. शेवटी! त्याला डोनट दिला. पिस्तूल पुढे ठेवलं. त्याने ते उलटं करून खालचा नंबर वाचला, परवाना वाचला, पुन्हा नंबर वाचला. म्हणाला, साहेब, तुमच्या हातात गसचं पिस्तूल आहे. महिनाभर. हे तुमच्या परवान्यावर नाही.

मी म्हणालो, वरचा भाग बघा! गोळी वरून सुटते!
तो म्हणाला, हो, पण कायदा खालून चालतो.

आणि माझं पिस्तूल? गसने माझा फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी ते शेरीफच्या ऑफिसात जमा करून पावती घेतली. वर सांगून आला, वेंडेल येईल आपणहून, जरा थांबा. मी आपणहून चार पानं पाठवली.

पिस्तूल नेलं. परवाना स्थगित. डोनटसुद्धा अर्धाच खाल्ला मेल्याने.

२४ ऑगस्ट
परवाना नसलेला माणूस क्लबच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. हा नियम मीच करून घेतला होता, सहा वर्षांपूर्वी. गस बिनविरोध सुरक्षा अधिकारी. त्याचा पहिला नियम: एका टेबलावर एका वेळी एकच पिस्तूल खोलायचं. लोक त्याला हॉर्नबेक नियम म्हणतात. हॉर्नबेक म्हणजे मी.

भयंकर राग येतोय. गसचा, त्या टॅबरबाईचा, कायद्याचा. सर्वांत जास्त कुणाचा ते लिहीत नाही.

९ सप्टेंबर, संध्याकाळी ६
आज कोर्टात माझ्या परवान्याची सुनावणी. मागच्या बाकांवर अख्खा क्लब. जज व्हॅन एटनबाईंनी माझी चार पानं वाचली. मोठ्याने. सबबीच्या वाक्यापाशी थांबून चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे तुमचंच ना? हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग झाल्या प्रकाराबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

त्यांच्या हातातल्या माझ्याच चार पानांकडे पाहिलं. म्हणालो, नकळत झालं.

मागे कुणीतरी खोकलं. मग गस उठला. वाटलं, आता सूड घेणार. त्याने टोपी काढली. म्हणाला, बाईसाहेब, तीस वर्षं ओळखतो ह्याला. लबाड नाही हा, बावळट आहे. दोन पिस्तुलं एकदम खोलू देऊ नका, बाकी माणूस सोन्यासारखा आहे. परवाना काढून घेतलात तर करणार काय हा दिवसभर? माझ्या बहिणीचा तरी विचार करा.

डोरीन माझ्याकडे बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच.

जजबाई म्हणाल्या, कागदोपत्री मी दोन्हींपैकी एकच लिहू शकते, लबाडी किंवा बावळटपणा. मिस्टर हॉर्नबेक, मेहुण्यांचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे?

मी हो म्हणालो.

जबाब टाइप करणारी बाई म्हणाली, ऐकू नाही आलं, जरा मोठ्याने.