काठीबाहेरून

रत्नागिरी
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मासूमा,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. १७ डिसेंबर २०१७, रविवार. आपल्या खाडीतली महिलांची पोहण्याची शर्यत.
२. सात नंबरची मासूमा पहिली आली. वेळ २८ मिनिटं ५२ सेकंद.
३. दुसरी सानिका, माझी चुलत बहीण. ३१ मिनिटं ३० सेकंद.
४. खाडीच्या मध्यावर रोवलेल्या निशाणाच्या काठीला बाहेरून वळसा घालायचा, हा नियम. मासूमा आतून गेली, अशी तक्रार आली.
५. काठीजवळच्या होडीत पंच म्हणून मी बसले होते. डोळ्यांवर ऊन होतं, मला दिसलं नाही, असं मी सांगितलं.
६. मासूमाची वेळ रद्द झाली. पदक सानिकाला मिळालं.

हे सगळं तुला माहीत आहे. पण आठ वर्षांत मी ते एकदाही कागदावर सलग मांडलं नव्हतं.

तू गुहागरला शाळेत शिकवतेस, हे तुझ्या धाकट्या तूबाकडून कळलं. बाजारात भेटली होती. तू अजून पोहतेस का, असं मी विचारलं. म्हणाली, “आपाचं घर दर्यासमोर, पण पाय भिजवायलाही जात नाही.” मग सुरमईचा भाव विचारायला वळली. तुझी बहीण माझ्याशी नीट बोलली, हेच मला जास्त वाटलं.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. इथेच एका मासळीच्या कंपनीत आकडे बघते. यंदा शर्यतीचं पंचविसावं वर्ष आहे, म्हणून स्मरणिका निघते आहे. आमचे रूपेशकाका अजून शर्यत समितीचे सेक्रेटरी. त्यांनी जुनी वही आणून टेबलावर टाकली. “तू आकड्यांतली ना? मग विजेत्यांचा तक्ता तूच कर. तेवढाच शिक्षणाचा उपयोग.” वहीत चोवीस शर्यती आहेत. तुझ्या ओळीवर लाल शाईने ‘रद्द, मार्ग चुकवला’ असं लिहिलंय.

नुसता तक्ता करून थांबले असते तर हे पत्र लिहिलं नसतं. मी महिलांच्या वेळांचे ठिपके काढले, २०१७ पूर्ण बाजूला ठेवून. उरलेल्या तेवीस ठिपक्यांमधून सगळ्यांत कमी चुकणारी रेषा ओढली. याला रिग्रेशन म्हणतात. विजेतीची वेळ दरवर्षी सरासरी चौदा सेकंदांनी कमी होत आली आहे. त्या हिशेबाने २०१७ ला ३३:४८ यायला हवी होती. तुझी वेळ त्याखाली पाच मिनिटं. पण सानिकाचीही दोन मिनिटांहून जास्त खाली होती, तोवरच्या प्रत्येक विजेतीपेक्षा कमी. तिच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. मीही नाही.

मग भरतीकडे वळले. शर्यत भरती पुरी होत आली की सोडतात, पाणी जवळजवळ थांबलेलं असताना. ती वेळ काढायची आपली रीत तुला पाठ आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्दशी म्हणजे साडेदहा. या रीतीवर समितीचा इतका विश्वास की पाणी दरवर्षी सारखंच असतं, असं सगळे धरून चालतात. बंदराच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तर रीत कधी पाच मिनिटांनी चुकते, कधी पंचवीस. भरती पुरी व्हायच्या एकेक मिनिट आधी शर्यत सोडली, की विजेतीची वेळ साधारण तीन सेकंदांनी घटते. चढतं पाणी जेटीकडेच नेतं.

२०१७ ची सुरुवात वहीत १०:१० लिहिली आहे. ते खरं नाही. वहीतल्या वेळा आदल्या दिवशीच भरून ठेवतात, एरवी शर्यत त्याच वेळेला सुटते. त्या दिवशी पाहुण्यांना देवरूखला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून मुलींना आधी सोडलं, ८:४२ ला. भरती १०:३४ ची, तीही उधाणाची. म्हणजे तुम्ही एकशेबारा मिनिटं आधी पाण्यात होतात. होडीवाले आत्मारामबाबा तेव्हा जेटीवर ओरडून सांगत होते, “अरे, भर पाण्यात सोडल्यात पोरी, वेळ कमी लागणारच!” त्यावर कोणी तरी म्हणालं, “मग सानिकाला काय विहिरीचं पाणी होतं?” सगळे हसले. बाबांनी वल्हं उचललं आणि निघून गेले.

पाण्याचा हिशेब धरला, तर त्या दिवशीच्या विजेतीची वेळ २९:१२ येते. तू वीस सेकंद खाली. एवढी चूक या रेषेत दर दुसऱ्या वर्षी असते. सानिका मात्र सव्वादोन मिनिटं वर राहते.

हे वाचून तुला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण दोन दिवसांनी लक्षात आलं की हा हिशेब तुझ्या बाजूने उभा करता येत नाही. इतर सगळ्या शर्यती भरतीआधी पंचेचाळीस मिनिटांच्या आत सोडलेल्या आहेत. एकशेबाराचा दुसरा ठिपका माझ्याकडे नाही. जिथे ठिपके नाहीत तिथवर रेषा ओढून तिच्यावर विसंबणं, ही पहिल्या वर्षाच्या मुलीची चूक. शिवाय ती वेळ शक्य होती, एवढंच रेषा सांगते. तू काठीच्या कुठून गेलीस, हे ती सांगू शकत नाही.

ते मी सांगू शकते. ८:४२ हा आकडा वहीत नाही, तो मला कुठे मिळाला, हे तू एव्हाना ओळखलं असशील. पंचाचा कागद माझ्याकडे आहे. पाण्याने सुरकुतलेला, पेन्सिलीने लिहिलेला. त्यावर माझ्या अक्षरात आहे: ‘सुरुवात ८:४२. क्र. ७, ८:५६, काठीबाहेरून.’ तू होडीच्या इतक्या जवळून वळलीस की माझ्या ओढणीवर पाणी उडालं. ऊन माझ्या पाठीमागे होतं. तक्रार आल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. “खोटं बोल कोण म्हणतंय? दिसलं नाही, एवढंच सांग. घरातली पोर आहे.” मी अठरा वर्षांची होते, आणि हे कारण म्हणून लिहीत नाही. तू ओल्या केसांनी समोर येऊन उभी राहिलीस. “गुणी, सांग ना त्यांना,” एवढंच म्हणालीस. कागद तेव्हा माझ्या मुठीत होता. पुढच्या वर्षापासून तुझ्या अब्बांनी, नझीरचाचांनी, शर्यतीला होडी दिली नाही. का, ते त्यांना कोणी विचारलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मूळ कागद या पत्रासोबत तुला पाठवते आहे. तो तुझ्याकडेच असायला हवा. त्याची प्रत आणि माझ्या सहीचं निवेदन मी सोमवारी, ८ डिसेंबरला समितीला देणार आहे. सानिकाला काल सांगितलं. म्हणाली, “मला वाटायचंच.” देऊ की नको, हे मी तुला विचारत नाही. ते ओझं तुझं नाही. विचारायचं इतकंच आहे, की स्मरणिकेच्या तक्त्यात २०१७ समोर तुझं नाव आणि २८:५२ छापलेलं तुला हवं आहे का. नको असेल तर ती जागा कोरी ठेवायला लावीन, दुसरं नाव तिथे येणार नाही. शनिवार, ६ डिसेंबरपर्यंत हो किंवा नाही, एका शब्दात कळव.

तुझी पंच,
गुणवंती