वाडीची चार-दहाची गाडी

प्रिय अण्णा,

काल स्टँडवर एस्टीच्या वेळापत्रकाचं नवं पुस्तक घेतलं. तुमच्या पुस्तकाएवढंच, खिशात मावणारं. चाळता चाळता वाडीच्या चार-दहाच्या गाडीपाशी हात थांबला. खाली तुमचीच ओळ! "म्हातारं माणूस येताना दिसलं तर कंडक्टर थांबतो. पळू नका." शब्दाला शब्द. तुमचं नाव मात्र कुठंच नाही. अण्णा, असला संताप आला, आणि उभ्या उभ्या रडूही आलं. म्हणून लिहायला बसले.

कंडक्टरकीतून रिटायर झालात आणि तुम्हाला घरी बसवेना. कुणाकडं मोबाइल नव्हता तेव्हाची गोष्ट. तुम्ही गाववार वेळापत्रक मांडलंत, त्याचं पुस्तक छापलंत आणि स्टँडवर टेबल टाकून विकायला बसलात. बाजारादिवशी कुठल्या गाडीला गर्दी, कुठं उतरून किती चालायचं, सगळं त्यात. आई म्हणायची, "ह्यांची जेवायला यायची वेळ तेवढी न्हाय ह्यात!"

सहा महिन्यांत पेठेतल्या एका छापखानेवाल्यानं ते न विचारता जसंच्या तसं स्वतःच्या नावानं छापलं. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला. काय तो माझा रुबाब! चहा गार होईस्तोवर तुम्हाला शिकवत बसले. पूर्वी विलायतेत पुस्तकाचा हक्क छापणाऱ्याचा असायचा; तीनशे वर्षांपूर्वी राणीच्या काळात तो लिहिणाऱ्याला मिळाला. आपला कायदा सत्तावन्न सालचा. नोंदणी नसली तरी लिहिलं त्या क्षणापासून हक्क आपला.

"म्हंजे गाडीची वेळ माझी?"

"न्हाय अण्णा. खरी गोष्ट कुणाच्याच मालकीची नसते. तुम्ही ती मांडली कशी, ते तुमचं."

"त्यो म्हणंल, मी स्टँडवरच्या फळ्यावरनं उतरून घेतलंय. मग?"

आणि मी अतिशहाणी! म्हटलं, नकाशेवाले मुद्दाम एक खोटं गाव घालतात. दुसऱ्याच्या नकाशात ते निघालं की चोर सापडला. तुम्ही नको नको म्हणत होता. मीच हट्टानं पुढच्या आवृत्तीत मुरगूडच्या पल्याडच्या वाडीला चार-दहाची गाडी घातली. तिथं एस्टी कधी गेलीच नव्हती, लोक फाट्यावरून चालत जायचे. कोण फसतंय, असं वाटलं मला.

छापखानेवाल्यानं ती छापली. मी घरभर नाचले.

थोड्याच दिवसांत डोळ्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा सुनेचा हात धरून तुमच्या टेबलापुढं आला. सुनेच्या हातात त्या छापखान्याचं पुस्तक. मी शेजारीच होते.

"पावणं, चार-धाची लागली न्हाय व्हय अजून?" म्हातारा खुशीत होता. "वाडीला गाडी सुरू झाली म्हणूनच तर आपरेशन करून घेतलं की. न्हायतर पट्टी बांधून एवढं चालतंय कोण!"

तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत. थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं, अण्णा! टेबल तसंच टाकून त्यांच्याबरोबर गेलात, आणि फाट्यापासून म्हाताऱ्याचा हात धरून वाडीपर्यंत चाललात.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुस्तकांतली ती गाडी पेनानं खोडत बसलात.

"अण्णा, पुरावा घालवताय तुम्ही!"

"पुरावा घाल चुलीत. माझ्यातली खोडतोय, त्येच्यातली कशी खोडू? त्येची पुस्तकं रोज इकली जात्यात की!"



मग वाडीला खरीच गाडी सुरू करा म्हणून तुम्ही वाडीतून सह्या-अंगठे गोळा केलेत. डेपोच्या पायऱ्या झिजवल्यात. गणपती गेले, दिवाळी गेली. डेपोच्या साहेबांनी विचारलं, "अण्णा, ही गाडी डोक्यात आली कुणाच्या?" तर म्हणालात, "पोरीच्या!" वर मान करून सांगितलंत म्हणे.

शेवटी सुटली एकदाची गाडी! चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही नारळ फोडलात. छापखानेवाला पेढा खायला हजर. "अण्णा, माझ्या पुस्तकात आधीपासनं हाय की ही!" मी फणकारले, तुम्ही पोट धरून हसलात. खोटी होती तोवर ती आपली होती. खरी झाली आणि सगळ्यांची झाली. माझी केस तिथंच संपली. त्यानंतरच्या आवृत्तीत तुम्ही तिच्याखाली ती ओळ लिहिलीत.

मी मात्र तुमची माफी कधीच मागितली नाही. वकील झाले, जगाशी भांडले, एवढं तेवढं राहिलं. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. का हो? एकदा तरी रागवायचं होतंत! चुकलं माझं, अण्णा.

कायद्यानं तुम्ही गेल्यावरही साठ वर्षं ती ओळ आपल्या घरची. काल तावातावानं नव्या पुस्तकवाल्याला नोटीस लिहून काढली. आज दुपारी स्टँडवर गेले. चार-दहाची लागली होती. एक आजी काठी टेकत येत होती. कंडक्टर दार उघडं धरून ओरडला, "आज्जे, दमानं ये, हाय मी!"

घरी येऊन नोटीस फाडली. आता स्वतः जाऊन त्या पुस्तकवाल्याला भेटणार आणि ओळीखाली तुमचं नाव घालायला लावणार. आणि नाव छापायच्या आधी पुस्तकातली एकेक वेळ फळ्याशी ताडून बघणार. तुमच्या नावावर पुन्हा खोटी गाडी लागणार नाही, अण्णा.

तुमचीच अतिशहाणी,
सुमा