वर जायला जिना, खाली यायला मी

तीर्थरूप आत्यास,
हेल्मेट काढून साष्टांग नमस्कार.

शेजारच्या काकूंचं दूध करपून घरभर धूर झाला होता आणि मी (वय वर्षं सात) बादली घेऊन तिकडे धावले होते, तेव्हा तू माझी वेणी धरून म्हणाली होतीस, "धूर दिसला की उलट्या दिशेने पळावं, एवढी अक्कल शेळीलाही असते." ते वाक्य मी विसरलेले नाही. फक्त आता शेळीपेक्षा कमी अक्कल असल्याबद्दल मला दरमहा पगार मिळणार आहे. मी इथे भरती झाल्यापासून अकरा आठवडे तू बोलली नाहीस, म्हणून मीच लिहिते. गुडघा कसा आहे? शिवणयंत्रावर तासन् तास बसू नकोस. गिऱ्हाइकाचे कपडे एक दिवस उशिरा गेले तर कोणी उघडं फिरत नाही.

मी मजेत आहे. अग्निशमन केंद्रात भोंगा वाजला की एका मिनिटात तो जाडजूड पोशाख चढवून गाडीपाशी हजर व्हायचं असतं. पहिल्या दिवशी मी पंचावन्न सेकंदांत हजर झाले, पण दोन्ही पाय विजारीच्या एकाच पायात. तशीच उड्या मारत गेले आणि उस्तादांच्या (म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्यांच्या) बुटांवर पालथी पडले. "नमस्कार पोचला, ऊठ," एवढंच म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात पाण्याचा पाइप हातात दिला. पाणी सुटल्यावर मी पाइप धरलाय की पाइपने मला, हेच कळेना. विझवायची होती पिंपातली आग, विझली खानावळीची चूल. स्वयंपाकीणबाई तेव्हापासून मला प्रत्येक पदार्थ पाणी घालून वाढतात.

शिवाय इथे वाळू भरलेला साठ किलोंचा कापडी पुतळा आहे. आगीत सापडलेला माणूस समजून त्याला खांद्यावर घ्यायचं आणि सरावासाठी बांधलेल्या मनोऱ्याचे तीन मजले बाहेरच्या शिडीने उतरायचे. सगळे त्याला जावईबापू म्हणतात, कारण स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं. परवा मी त्यांना उतरवत असताना काखेतली शिवण उसवली. जमिनीवर पोचेपर्यंत जावईबापू निम्मे झाले होते आणि उरलेले निम्मे उस्तादांच्या कॉलरमध्ये होते. दुपारी बसून मी तू शिकवलीस तशी दुहेरी टीप घातली. उस्तादांनी ती दोनदा ओढून पाहिली. "कोणी शिकवली?" म्हणाले. मी म्हटलं, "आत्याने." इथे माझं पहिल्यांदा कौतुक झालं, तेही शिवणाचं! आता अख्खी तुकडी फाटके कपडे घेऊन माझ्या दारात उभी असते.

तेव्हा काळजी करू नकोस. सगळं छान चाललंय.

तुझी भाची

ता. क. सगळं छान चाललेलं नाही. जावईबापू श्वास घेत नाहीत, माणूस घेतो. सोमवारी तुकडीतल्या मैत्रिणीला खांद्यावर घेतलं. ती कानाशी "सोडू नकोस हं" म्हणाली आणि दुसऱ्या मजल्याशी माझे पाय थिजले. शेवटी उस्ताद वर आले आणि माझं एकेक पाऊल हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवत गेले. येत्या शनिवारी अखेरची परीक्षा आहे. पुन्हा थिजले तर घरी.

ता. क. दुसरा. परीक्षेला खांद्यावरचं माणूस आपापल्या घरून आणता येतं. बाकीच्यांनी सडपातळ भाऊ ठरवलेत. मला तू हवी आहेस. तू गप्प बसणार नाहीस. "नीट धर, पाय कुठे टाकतेस, माझी चप्पल पडली," हे शेवटच्या पायरीपर्यंत चालू ठेवशील. आणि शाळेत सोडायला यायचीस तेव्हापासून, मागून तुझी बडबड चालू असली की माझे पाय आपोआप चालतात. दोन दोर बांधलेले असतात, खाली जाळी असते. वर जायला जिना आहे (प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवते), खाली यायला मी आहे. वजन कोणी विचारणार नाही. तू नाहीच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. पण फोनवर म्हणू नकोस. शनिवारी सकाळी आठला इथे ये, मनोऱ्याखाली उभी राहा, आणि माझ्याकडे बघून नाही म्हण.