तळ्यावरचे नऊ रविवार

४ जानेवारी

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बगळ्या म्हणू नये, असं तुझी बायको लिहिते. पाय तेवढेच लांब आहेत ना अजून? मग झालं तर.

निवृत्तीला दोन महिने उरलेत. साथरोग विभागातलं टेबल आवरताना तुझी सव्वीस वर्षांची कार्डं निघाली. दर रविवारी घरामागच्या तळ्यावर जिवंत पक्षी किती, मेलेले किती. आधी पक्षी मरतात, मग माणसं आजारी पडतात, एवढं शिकवून मी तुला कामाला जुंपलं होतं. पहिल्याच महिन्यात तू मेलेलं बदक आईच्या बिस्किटांच्या डब्यात घालून आणलंस आणि आईने डब्यासकट तुला घराबाहेर काढलं! पण त्याच कार्डांमुळे दोनदा साथ उंबरठ्यावर थोपली.

आता ते तळं बुजवून गोदामं बांधायची आहेत. १९ तारखेला सुनावणी. तळं गेलं तर पक्षी वस्तीतल्या कोंबड्यांत शिरतील, हे मला तुझ्याच आकड्यांनी पटवायचंय. समोरचा वकील कीस काढणारा आहे. कुठे खोट असेल तर आत्ताच सांग.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. खोट आहे.

तू साथीच्या छावणीत होतीस, त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. तुला कळवायचं नाही, अशी तिने शपथ घातली. म्हणाली, तिथे लोकांची पोरं मरतायत आणि ही इथे येऊन माझे पाय चेपत बसेल. कार्ड चुकलं असतं तर तुला शंका आली असती. म्हणून नऊ रविवार मी तळ्यावर गेलोच नाही, आईच्या उशाशी बसून आकडे ठोकून दिले. आईही सुचवायची. एकदा म्हणाली, बदकं जरा वाढव, तिला बरं वाटेल.

तू आलीस तेव्हा आई नव्हती. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि मला सांगायचा धीर झाला नाही. आता माझ्यापायी तळं गेलं तर तुला तोंड कसं दाखवू? हवी तेवढी रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझाच,
बगळ्या

२० जानेवारी

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

उत्तर मुद्दाम लांबवलं. तेवढी शिक्षा तुला हवीच होती.

अरे शहाण्या, ते नऊ आठवडे मी कधीच वगळले होते; तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून विचारलं. त्या नऊ कार्डांवर मेलेला पक्षी एकही नाही. आपल्या तळ्यावर असा सलग महिनासुद्धा कधी गेला नाही. छावणीत नमुने तपासायच्या घाईत मी कार्डं नुसती वाचली आणि खूश झाले. घरी येऊन आईचा रिकामा पलंग पाहिला, तारखा ताडल्या, तेव्हा उमगलं. फार राग आला होता तुझा. स्वतःचा त्याहून जास्त.

काल वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं, माझ्या वहीतल्या या नऊ ओळींवर काट का म्हणून. मी सांगून टाकलं की आई जात होती, भावाने मला कळू नये म्हणून आकडे रचले, आणि ते मी धरले नाहीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, जी वही स्वतःची चूक दाखवते, तिच्या बाकीच्या पानांवर त्यांचा विश्वास आहे. गोदामांना परवानगी नाकारली.

रविवारी येते. तळ्यावर दोघं जाऊ, मोजणी मी करीन, तू लिही. आणि आईने बदकं वाढवली ते कार्ड नऊंपैकी कुठलं, तेवढं दाखव. बाकीची सगळी विभागाच्या कपाटात राहतील. ते एक मी घरी नेणार आहे.

तुझ्यावर आहे तोच जीव,
ताई