नागकल्पाची गोडी

शके १८५६, कार्तिक शुद्ध १३
तुळशीचे लग्न लागले. आता माणसांची लागतील. मुंबईचे बिजवर पांढरी डोकी घेऊन आगबोटीतून उतरतात आणि रत्नागिरीत त्यांची काही सोय नाही, हे मला पाहवत नाही. पणजोबांच्या पोथीत नागकल्प सापडला. नाग म्हणजे शिसे. त्याचे मुर्दाडशिंग, म्हणजे जाळून केलेले भस्म, कांजीत उकळावे, चुना मिसळावा. केस भुंग्यासारखे काळे होतात. ‘शोधित नाग घ्यावा’ असे लिहिले आहे. शोधनाचे पान वाळवीने खाल्ले. शोधन म्हणजे पवित्र करणे, एवढे समजण्यास पान कशाला? गंगोदक शिंपडले.

कार्तिक वद्य २
केरू न्हाव्याच्या सलूनमध्ये कल्पाचा आरंभ. केरूचा हात इतका हलका, की दाढी होता होता गिऱ्हाईक घोरू लागते. कल्प लावण्याचा ब्रश मात्र डुकराच्या केसांचा निघाला. वैदिकांच्या मस्तकावर वराह! उघड्या हातानेच चोळावा, अशी आज्ञा केली. कांजी गोड लागली की कल्प सिद्ध झाला, ही पोथीतील खूण. मी सोवळ्यात, मला चाखता येत नाही, केरू चाखतो. म्हणाला, “शास्त्रीबुवा, आंबट कांजी गुळावानी झाली वो!” शास्त्राचा विजय.

मार्गशीर्ष शुद्ध १०
सतरा डोकी काळी झाली. एका बिजवरास नवरीच्या बापाने ‘बाळ’ म्हणून हाक मारली. केशरंजनावर बारा अध्यायांचा ग्रंथ लिहिण्याचा संकल्प केला. मंगलाचरण उद्या.

पौष शुद्ध ४
केरूच्या पोटात कळा. चार दिवस शौचास नाही. सुक्या बोंबलांचा दोष. बोंबील वर्ज्य करण्यास सांगितले. चाखणे चालू ठेवावे. गोड पदार्थाने पित्त शमते. मंगलाचरणास छंद जुळत नाही.

पौष वद्य ९
केरूची बायको काशी आली. घास जात नाही म्हणाली, हिरड्या निळ्या पडल्या म्हणाली. जाऊन पाहिले. दातांच्या मुळाशी खरोखरच निळी रेघ. हलाहल प्राशन करणाऱ्या शंकराचे स्मरण झाले. शुभ लक्षण आहे, असे सांगितले. काशी म्हणाली, “देवाच्या गळ्यात अडकलं हुतं. ह्यांच्या पोटात गेलंय.” अडाणी बाई, पण बोलणे चटकदार, म्हणून लिहून ठेवले.

माघ शुद्ध ६
अनर्थ. ऐन लग्नाच्या सकाळी केरूच्या हातून वस्तरा दोनदा निसटला. नवऱ्या मुलाचा कान कापला. मंडपात कुजबुज, की न्हावी प्यायला होता. मी काही बोललो नाही. कल्पाला बोल लागण्यापेक्षा ते बरे. केरूने आयुष्यात ताडीला तोंड लावलेले नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु मला कोणी विचारलेही नाही.

माघ वद्य ४
केरूची दोन्ही मनगटे लोंबत आहेत. बोटे वर उचलत नाहीत. सलूनला कुलूप. इस्पितळातील डॉक्टर म्हणतात, शिसे अंगात भिनले. हात पुन्हा उठतील याची हमी नाही. कल्पात शिसे आहे, हे मला विलायती विद्येने सांगावे? मी तर पहिल्या दिवसापासून त्यास नागच म्हणतो! काशीस हे नीट समजावले. ती म्हणाली, “नाग म्हनता, आनि वर चाटायला लावता?” या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दुसरा सांगेपर्यंत ती निघून गेली.

माघ वद्य ११
काशी दारात. हातात वाटी, वाटीत सलूनमधला उरलेला कल्प. “बुवा, ह्यांना घास मी भरवतंय, लुगड्याच्या पदरानं नाक मी पुसतंय. तुम्ही एक बोट चाखा. चांगलं हाय म्हना. मी जाते.” एकादशी असल्याचे सांगितले. “उद्या येते,” म्हणाली.

माघ वद्य १२
आली. पारण्याच्या दिवशी प्रसादानंतर मुखात अन्य काही घेत नाही.

माघ वद्य १३
आली. प्रदोष.

माघ वद्य १४
महाशिवरात्र. सर्वथा निर्जळी. ती आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शंकरानं पिताना तिथी पाहिली हुती काय वो?” उत्तर तयार होते. ते ग्रंथासाठी राखून ठेवले.

माघ वद्य ३०
अमावास्येस औषधसेवन वर्ज्य.

फाल्गुन शुद्ध १, सकाळी
पंचांग तीनदा पाहिले. उपवास नाही, व्रत नाही, ग्रहणही नाही.
काशी पायरीवर येऊन बसली. आज केरूही बरोबर होता. दार लावून आत उभा राहिलो. त्याचा आवाज अगदी बारीक झाला आहे; तरी फटीतून सर्व ऐकू आले. म्हणाला, “काशे, ओत ते. नको देऊस बुवांना. म्हातारं मानूस, सोसायचं न्हाय. मरंल.”
तिने वाटी अंगणाच्या जांभ्या दगडी गडग्यापलीकडे ओतली, त्याला दंडाला धरून उठवले आणि दोघे गेली.
कल्पाने मनुष्य मरत नाही, हे दार उघडून त्यास तेथल्या तेथे सांगावयास हवे होते.
उघडले नाही.