एकशे वीस ओवलेल्या सुया

३ ऑगस्ट
सुया ओवून झाल्या. एकशे वीस! बोटांची चाळण झालीय. बाबांची सुयांची उशी साळिंदरासारखी दिसतेय.

बाबांना जवळचं धड दिसत नाही. आई गेल्यापासून सुई ओवून द्यायचं काम माझं. बाइंडिंगचं बाकी सगळं तेच करतात — कागद दुमडणं, शिवणं, पुठ्ठा चढवणं. एका रजिस्टरला एका सुईचा दोरा पुरतो. ओवायचं यंत्र आणून दिलं तर म्हणाले, "हे खेळणं परत कर." आणि शेजारपाजारी कुणापुढे सुई धरतील तर शपथ. मानी माणूस!

ही वही त्यांनीच शिवून दिली. पाठीवरचा एक टाका वाकडा गेलाय. बाबांचा टाका, आणि वाकडा? भरपूर चिडवलं. "घाईत झालं गं, सुपरवायझर."

जेवताना म्हटलं, मी नाही जात कॉलेजला. तर म्हणे, "मग सुया कशाला ओवल्यास?"

४ ऑगस्ट
हॉस्टेलवर पोचले. बाबा स्टँडवर आले नाहीत, दारातूनच हात हलवला. पाण्याची बाटली विसरली म्हणून कोपऱ्यावरून परत आले, तर हात हलवतच होते — रिकाम्या रस्त्याकडे! मी बाजूला उभी आणि यांचं तिकडेच चाललंय. बाटली न घेताच पळाले.

खोलीत दोन खाटा, एक खिडकी, एक मुलगी. तिचा गजर पाचला वाजतो, ती सोडून सगळा मजला उठतो. तिचं नाव भोंगा ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात.

९ ऑगस्ट
आज तीन वेळा चुकीच्या वर्गात बसले. तिसऱ्यांदा तास संपेपर्यंत उठायची हिंमत झाली नाही. रसायनशास्त्र. काही कळलं नाही. पण माझ्या स्वतःच्या वर्गात तरी कुठे कळतंय!

१९ ऑगस्ट
संख्याशास्त्राची पहिली चाचणी. पन्नासपैकी अकरा. बाईंनी रागावण्याऐवजी नुसता चष्मा पुसला. ते जास्त लागलं.

बॅग भरली. मग फोन केला, इस्त्रीवाल्या काकूंच्या फोनवर. काकूंचं दुकान आमच्यासमोर, त्याच बाबांना फोन नेऊन देतात. म्हटलं, बाबा, मी परत येते. तुमचं पण अडत असेल.

"काय अडतंय माझं? सुया आहेत की."

"संपल्या की?"

"संपल्या की मीच बोलावीन, सुपरवायझर. तोवर यायचं नाही. कबूल?"

कबूल म्हटलं. बॅग रिकामी केली. भोंगा सगळं बघत होती. काही न विचारता तिने अर्धं सफरचंद पुढे केलं.

२ सप्टेंबर
लायब्ररीत माझी अब्रू गेली. संख्याशास्त्राच्या पुस्तकाची शिवण उसवलेली, पानं लोंबत होती. मला राहवेना. पुठ्ठा सोडवला, दोरे काढले, टेबलावर गठ्ठे मांडले. तेवढ्यात ग्रंथपाल! "पुस्तक फाडतेस?" सगळी लायब्ररी माझ्याकडे. मी म्हटलं, सर, शिवतेय. त्यांनी हात बांधले. "शिव मग. इथेच. माझ्यासमोर."

शिवलं. तासभर तस्सेच उभे होते. मग आत गेले आणि अजून सात फाटकी पुस्तकं आणून ठेवली. दर शनिवारी ये म्हणाले.

बाबांना सांगितलं. पहिल्यांदाच इतका वेळ फोनवर थांबले. "दोऱ्याला मेण लावलंस? टाका किती अंतरावर? कागदाचा रंग कसला? खिडकी कुठल्या बाजूला?" सगळं सगळं विचारलं. खिडकीचं कशाला हवं होतं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "डोळ्यांसमोर आलं बघ."

२३ सप्टेंबर
शनिवारी पुस्तकं शिवता शिवता ती वाचलीही जातात. बाई म्हणाल्या, "हल्ली हात वर होतो तुझा." भोंगाला सरासरी शिकवली. मी! शिकवली!

१४ ऑक्टोबर
बाईंनी सांगितलं, रोजच्या जगण्यातलं एखादं गणित मांडून आणा. मी सुयांचं घेतलं. एकशे वीस सुया, दिवसाला दोन रजिस्टरं. साठ दिवस. म्हणजे तीन ऑक्टोबरलाच उशी रिकामी!

लगेच फोन लावला. "छे, निम्मी उशी शिल्लक आहे," म्हणाले. म्हणजे कामच निम्मं झालंय? गिऱ्हाइकं तुटली? "तुझं गणित चुकलं असेल," म्हणाले आणि हसले. काकूंचा खोकल्याचा आवाज आला.

गणित तीनदा तपासलं. बरोबर आहे.

८ नोव्हेंबर
संख्याशास्त्राच्या दुसऱ्या चाचणीत पहिली आले! सत्तेचाळीस! वर्गात पहिली! सूचनाफलकावरच्या यादीचा फोटो काढून काकूंच्या फोनवर पाठवला. सगळ्यात वर माझं नाव, छापील, ठसठशीत. बाबांना काही सांगितलं नाही, मुद्दाम. म्हटलं, फक्त बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

"बघितला गं. किती वळणदार अक्षर आलंय तुझं!"

अक्षर? छापलेली यादी आहे ती!

म्हणजे फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तीन महिने कुणासाठी मरत होते? फोन ठेवून दिला.

९ नोव्हेंबर
नाही करणार फोन.

१७ नोव्हेंबर
काकूंचे दोन फोन आले. उचलले नाहीत. बाबांना कळू दे कसं वाटतं ते. मला तरी कुठे बरं वाटतंय? शनिवारी एकही टाका सरळ पडला नाही.

११ डिसेंबर
परीक्षा संपली. पेपर मस्त गेले. उद्या घरी! सुया संपल्याचं बोलावणं काही आलं नाही, पण सुट्टीला बोलावणं कशाला लागतं?

रुसवा सोडलाय. काही न कळवता जायचं, दारात गप्प उभं राहायचं, आणि मला बघून त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायचं. यादी फलकावरून मागून घेतलीय. हातात देणार.

१२ डिसेंबर
भर दुपारी, लख्ख उजेडात, दारात उभी राहिले. बाबा खुर्चीवर होते. थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "कोण? बाइंडिंग बंद केलंय हो आता. पुढच्या चौकात विचारा."

यादी माझ्या हातातच राहिली.

काकू धावत आल्या. त्यांच्याकडून कळलं. तू जायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर चाललीय म्हणून, असं म्हणाल्या. तुला कळलं असतं तर तू गेली असतीस का? ही वही त्यांनी शिवलेली शेवटची.

उशी टेबलावर होती. मोजल्या. एकशे वीस. सगळ्या ओवलेल्या.