एकाच फ्यूजवर

व्हाकोआ, मंगळवार, १४ ऑगस्ट १९८४

दादाने शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं इंजिन आज पहिल्यांदा जोरात चालवून पाहिलं. मी पंखापाशी उभी होते. त्याने विमानातला रेडिओ लावला आणि इंजिनच बंद पडलं. एकदम शांत.

दादा हसला. "फ्यूज उडाला. मोठा घालतो, मग सगळं कोरेक, एकदम ठीक."

"मोठा नको! फ्यूज टिकेल आणि तार पेटेल."

पण मुद्दा तो नव्हताच. वायरिंगची आकृती माझी. इंजिनला ठिणगी देणाऱ्या, एक गेली तरी दुसरी चालावी म्हणून ठेवलेल्या दोन्ही तारा मी रेडिओच्याच फ्यूजवर घेतल्या होत्या. शाळेत मुलींना वीज शिकवते, आणि मला हे दिसलं नाही? शनिवारी तो उसाच्या शेतांवरून उडणार होता. तिथे, वर, अशी शांतता...

तोंड उघडायला फार वेळ लावला मी. का? दादा सगळ्यांना सांगतो, बहिणीने काढलंय, तपासायची गरज नाही.

"चूक माझी आहे, दादा. शनिवारी उडू नकोस."

तो रागावला नाही. त्याने पक्कड माझ्या हातात दिली.

"कुठली तार कापायची ते दाखव. पण या वेळी मीही तपासणार."